रोखणारा हात आणि मारणारा हात

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात संस्थेच्या मंडपात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवात बोलायचं म्हणजे आठवणी सांगायच्या, असा आपल्याकडे रिवाज आहे. २५ वर्षांपूर्वी इथे काळ्या मातीचं रान होतं, पावसाळ्यात चपला हातात घेऊन घर गाठावं लागायचं, रात्री वेताळवाडीच्या डोंगराकडून वारा सुटला की अर्धवट बांधलेल्या घरांची पत्रं वाजायची. हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं आणि छान सांगितलं. समितीने मलाही आठवणीच सांगायला बोलावलं आहे. मी सांगणार आहे ती आठवण मात्र जरा अवघड आहे. पण ती आपल्या सगळ्यांची आहे, म्हणून ती इथेच सांगायला हवी. कोणाचं नाव घेणार नाही. दोष द्यायचाच झाला, तर सुरुवात माझ्या घरापासून करणार आहे.

२०१८ सालचा जून महिना आठवा. मोबाइलवर एकच गोष्ट फिरत होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, पुढे पाठवा. आपण सगळ्यांनी ती पुढे पाठवली. मीसुद्धा पाठवली. शाळेत ३० वर्षं मुलांना ‘ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका’ असं शिकवणारी बाई मी.

एका दुपारी मी गच्चीवर लोणच्यासाठी कैरीच्या फोडी वाळत घालत होते. खाली कोपऱ्यावर मुलं खेळत होती आणि एक अनोळखी माणूस त्यांच्याशी काहीतरी बोलत होता. खांद्याला पिशवी, मळका शर्ट, वय असेल तिशीचं. कोणीतरी हटकलं, ‘कोण रे तू? कुठला?’ त्याने काही उत्तर दिलं, पण त्याची बोली कोणाला नीट कळली नाही. मग आवाज चढला. दारं उघडली. पाच मिनिटांत २५-३० माणसं जमा झाली. पहिली चापट कोणी मारली ते मला दिसलं नाही. दुसरी, तिसरी दिसली. मग मोजता येईना. आणि त्या गर्दीत हातात पट्टा घेतलेला माझा मुलगा मला दिसला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता, सुट्टीत घरी आला होता.

आता माझं सांगते. मी गच्चीवर उभी होते. मला हाक मारता आली असती. वर्गात माझा एक आवाज चढला की शेजारचे दोन वर्ग गप्प व्हायचे, हे इथे बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. त्या दिवशी तो आवाज निघाला नाही. मला वाटलं, एवढी माणसं मारत आहेत म्हणजे काहीतरी असेलच.

ते थांबवलं कोणी? कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींनी. आज त्या आपल्यात नाहीत. हातात पाण्याचा तांब्या घेऊन, काठी टेकत त्या सरळ गर्दीत घुसल्या आणि म्हणाल्या, ‘सरका रे. त्याले पाणी पिऊ द्या आधी. चोर असो का साव, तहान तर सारखीच लागती.’ म्हाताऱ्या बाईला ढकलून कोण मारणार? हात थांबले. तो माणूस खाली बसला, पाणी प्यायला. मग कोणीतरी त्याची पिशवी उलटी केली. आत छत्रीच्या काड्या होत्या, तारा होत्या, सुईदोरा आणि एक पकड. पावसाळ्याच्या तोंडावर छत्र्या दुरुस्त करत फिरणारा माणूस. मुलांना तो विचारत होता, कोणाच्या घरी मोडकी छत्री आहे का.

पोलिसांना कोणीतरी फोन केला होताच. ते आले, त्याला घेऊन गेले, चौकशी करून सोडून दिलं असं नंतर कळलं. त्याची पिशवी इथेच राहिली होती. ती नेऊन द्यायला कोणी गेलं नाही.

त्यानंतर १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आठवडी बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, मंगळवेढ्याकडून आलेली. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही जण गेले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. आणि धुळं तरी कशाला? त्याच जून महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या चांडगावला, चोर समजून जमावाने मारलं आणि दोन जीव गेले.

राईनपाड्याची बातमी वाचली तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. आपल्यात आणि त्या गावात फरक किती होता? एका तांब्याभर पाण्याचा.

म्हणून आज मी हा प्रश्न आपल्यापुढे ठेवते आहे. रस्त्यावर, बसमध्ये, चौकात आपल्या डोळ्यांदेखत कोणी वाईट वागत असेल, तर आपण, नुसत्या बघणाऱ्यांनी, हात उचलायचा का?

ही गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, बाईंचं उत्तर ठरलेलं आहे, हात उचलायचा नाही. तसं नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

१८ जून २०२४. वसई. सकाळची वेळ, भर रस्ता, येणारी-जाणारी माणसं. एका तरुणाने एका मुलीला लोखंडी पान्याने मारलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक जण पुढे झाला, पण त्याने पाना उगारल्यावर मागे सरकला. बाकीचे उभे राहिले. काहींनी मोबाइल काढले. ती मुलगी तिथेच गेली. ते चित्रण आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आलं होतं आणि आपण सगळेच म्हणालो होतो, ‘काय माणसं आहेत!’ दहा जणांनी एकदम धरलं असतं तर तो एकटा काय करणार होता?

आता त्याच्या वर्षभर आधीचा दिवस घ्या. २७ जून २०२३, पुणे, सदाशिव पेठ. तिथेही तसंच. भर दिवसा एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावत होता. लेशपाल जवळगे आणि हर्षद पाटील हे दोन तरुण मध्ये पडले. लेशपाल स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, आपल्या घरातल्या मुलांसारखाच एक मुलगा. त्याने कोयता धरला. ती मुलगी वाचली.

त्या मुलांनी बळ वापरलं की नाही? वापरलं. बरोबर केलं की नाही? शंभर टक्के बरोबर केलं. त्या क्षणी ते पोलिसांची वाट बघत राहिले असते, तर आपण त्यांना माफ केलं नसतं.

मग आपल्या कोपऱ्यावर पट्टा उगारणारा माझा मुलगा आणि पुण्यात कोयता धरणारा लेशपाल, दोघांनीही हात उचलला. फरक कुठे आहे? मी यावर बरीच वर्षं विचार केला आणि मला सापडलेलं उत्तर अगदी साधं आहे. एक हात रोखणारा होता आणि एक हात मारणारा होता.

रोखणारा हात कोणाला तरी वाचवण्यासाठी उठतो. घाव थांबला, हत्यार हातातून गेलं, की तो खाली येतो. त्याचं काम संपतं. मारणाऱ्या हाताचं काम तिथे सुरू होतं. समोरचा आधीच पकडलेला असतो, कधी बांधलेला असतो, कोणालाही धोका नसतो, तरी हात चालूच राहतो. कारण आता शिक्षा द्यायची असते, धडा शिकवायचा असतो. आपल्याकडे म्हण आहे, मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. म्हण हात धरायला सांगते, तोडायला सांगत नाही.

आपल्याला वाटतं, कायदा असल्या वेळी हात बांधून ठेवतो. तसंही नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे आणि तो फक्त स्वतःपुरता नाही. दुसऱ्या कोणाच्या अंगावर हल्ला होत असेल, तर त्याला वाचवण्यासाठीही तो आहे, मग तो ओळखीचा असो वा नसो. जुन्या दंडविधानातही तो होताच. पण मर्यादाही तिथेच लिहिली आहे. वाचवण्यासाठी लागेल तेवढंच बळ, त्याहून जास्त नाही. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क नाही. आता समोर कोयता असताना कोणी बळाचं माप सोनाराच्या काट्यावर करत नाही, न्यायालयंही तशी अपेक्षा करत नाहीत. पण माणूस खाली पडल्यावरची दहावी लाथ कुठल्याच मापात बसत नाही.

दुसरी गोष्ट, पकडण्याची. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं की आपल्यासमोर कोणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला, तर साधा नागरिकही त्याला पकडू शकतो. मात्र विनाकारण उशीर न करता आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. ‘आपल्यासमोर’ हा शब्द लक्षात ठेवा. संशयावरून नाही, मोबाइलवर आलं म्हणून नाही, बोली कळत नाही म्हणून तर नाहीच नाही. शिवाय पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कोणाचा जीव घेतला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप, असं न्याय संहितेच्या १०३ व्या कलमात आता स्पष्ट लिहिलं आहे. ‘मी फक्त एकच मारली’ हे तिथे चालत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, बाई, कायदा पुस्तकात ठीक आहे, पण पोलीस येईपर्यंत काय? आणि धाक बसल्याशिवाय ही माणसं सुधारतात का? प्रश्न योग्य आहे, त्याला बगल देणार नाही.

नागपूरच्या कस्तुरबा नगरची गोष्ट घ्या. अक्कू यादव नावाच्या गुंडाने त्या वस्तीतल्या बायकांना वर्षानुवर्षं छळलं. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला न्यायालयात आणलं असताना जमावाने तिथेच त्याला संपवलं. त्या जमावात वस्तीतल्या बायका होत्या. दहा वर्षांनी न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. त्या बायकांना बरं-वाईट म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांनी जे सोसलं ते मी सोसलेलं नाही. एवढंच सांगते, व्यवस्थेची सगळी दारं बंद झाल्यावर जे घडलं, त्याला आपण रोजच्या वागण्याचा नियम करू शकत नाही.

कारण रोजच्या वागण्यात आपला हात कोणावर उठतो, ते जरा आठवून बघा. छत्रीवाल्यावर उठतो. भिक्षेकऱ्यावर, वेडसर माणसावर, भंगार गोळा करणाऱ्या पोरावर उठतो. चौकात गाडी आडवी लावून मोठ्याने शिव्या देणाऱ्या, मागे चार माणसं असलेल्या दांडग्यावर उठतो का? तिथे आपण म्हणतो, जाऊ द्या, कशाला नादी लागता. म्हणजे आपण अन्यायावर हात उचलत नाही, दुबळ्यावर उचलतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

आपला तालुका अजिंठा लेण्यांचा. फर्दापूरला जगभरातून अनोळखी माणसं उतरतात. त्यांची भाषा आपल्याला कळत नाही, तरी त्यांना आपण हसून वाट दाखवतो. पिशवी घेऊन पायी आलेल्या अनोळखी माणसाची भाषा कळली नाही, की मात्र आपल्याला संशय येतो. आपल्याही भागातली माणसं कामासाठी परक्या मुलखात जातात. तिथल्या गल्लीत ती अनोळखीच असतात. त्यांच्याशी लोकांनी कसं वागावं असं आपल्याला वाटतं?

म्हणून हात उचलण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं आहे. हा माणूस माझ्यापेक्षा बलवान असता, तरी मी हेच केलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं, तर बहुतेक वेळा मी कोणाला तरी वाचवायला निघाले आहे. ‘नाही’ आलं, तर मी फक्त राग काढते आहे.

धाडसाचीही किंमत असते, हेही खरं आहे आणि मुलांपासून ते लपवायला नको. २० ऑक्टोबर २०११ ला मुंबईत अंधेरीच्या अंबोलीत कीनन सँटोस आणि रुबेन फर्नांडिस या तरुणांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकलं. ते लोक गेले आणि साथीदार, हत्यारं घेऊन परत आले. कीनन त्याच दिवशी गेला, रुबेन ३१ तारखेला. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्या दोघांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते बघत उभ्या राहिलेल्यांचं. पण मी माझ्या मुलांना यातून एक गोष्ट सांगते. हटकल्यावर तो माणूस निघून गेला, तर ‘जिंकलो’ म्हणून तिथेच थांबू नका. मुलींना घेऊन निघा, माणसांत जा, लगेच ११२ ला फोन करा. शूर माणसानेही घरी जिवंत पोहोचायचं असतं.

माणसं उभी का राहतात, यावर अभ्यास झालेला आहे. १९६८ साली अमेरिकेत डार्ली आणि लॅटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. शेजारच्या खोलीतून एका विद्यार्थ्याला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणाऱ्याला वाटत होतं की आपण एकटेच आहोत, तेव्हा ८५ टक्के जण मदतीला उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असं वाटलं, तेव्हा उठले फक्त ३१ टक्के. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी उठेल. गच्चीवर उभी असताना माझंही तेच झालं होतं. याचा अर्थ माणसं वाईट नसतात, ती एकमेकांकडे बघत असतात. म्हणून पहिल्या माणसाला फार महत्त्व आहे. पहिल्याने हात उचलला की सगळे मारतात. पहिल्याने तांब्या आणला की सगळे थांबतात.

आणि बहुतेक वेळा तर बळाची गरजच पडत नाही. मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. शेंदुर्णीहून येणाऱ्या भरलेल्या बसमध्ये एक माणूस मला मुद्दाम धक्के देत होता. मी आक्रसून उभी. आजूबाजूच्या पुरुषांना दिसत होतं, सगळे खिडकीबाहेर बघत होते. मागे भाजीची पाटी घेऊन एक बाई बसली होती. तिने सगळ्या बसला ऐकू जाईल असा आवाज दिला, ‘ये पोरी, इकडं ये, बस माह्याजवळ.’ पाटी मांडीवर घेतली, मला जागा केली आणि त्या माणसाकडे टक लावून बघत राहिली. पुढच्या थांब्यावर तो उतरला. तिने त्याला बोटही लावलं नाही. ४० वर्षं झाली, मला तिचं नाव माहीत नाही, पण मी तिला विसरले नाही.

आपल्या सोसायटीचंच दुसरं उदाहरण घ्या, हे अभिमानाने सांगण्यासारखं आहे. मागच्या ओपन स्पेसवर संध्याकाळी बाहेरची पोरं दारू प्यायला बसायची. बाटल्या फुटायच्या, बायकांना त्या बाजूने जायची भीती वाटायची. काही जण म्हणाले, एकदा काठ्या घेऊन जाऊ, हाणू, परत येणार नाहीत. समितीने काय केलं? वर्गणी काढून मोठा दिवा लावला, दोन बाकडी टाकली आणि ज्येष्ठ मंडळी जेवणानंतर रोज तिथे शतपावली करू लागली. महिन्याभरात बैठक आपोआप उठली. भांडण नाही, वैर नाही, कोर्टकचेरी नाही. आज तिथे आपली मुलं बॅडमिंटन खेळतात. दिवा लावणं, रोज जाऊन बसणं, यातही बळ असतं. फक्त ते टिकाऊ असतं.

आणि एक नाजूक गोष्ट. भिंतीपलीकडून बाईच्या रडण्याचा आवाज येतो, तेव्हा आपण म्हणतो, घरचा मामला आहे. २००८ साली आपल्या देशात ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम झाली होती. सांगणं एवढंच होतं, जा आणि दाराची बेल वाजवा. दूध मागा, वेळ विचारा, काहीही विचारा. कोणीतरी ऐकतंय, हे मारणाऱ्याला कळलं तरी पुष्कळदा हात थांबतो. वाटीभर साखर मागायला जाण्यासाठी पैलवान असावं लागत नाही.

आता रौप्यमहोत्सवानिमित्त समितीपुढे आणि तुमच्यापुढे चार सूचना ठेवते. पटल्या तर येत्या सर्वसाधारण सभेत ठराव करा.

पहिली, कोणावरही हल्ला होत असेल तर एकट्याने नाही, हाका मारून चार जण मिळून मध्ये पडायचं. एकाने फक्त ११२ ला फोन करायचा. ‘कोणीतरी फोन करा’ असं म्हणायचं नाही, बोट दाखवून ‘तू कर’ असं सांगायचं. चित्रण करायचं असेल तर ते पोलिसांना द्यायला, गावभर पाठवायला नाही.

दुसरी, ज्याच्यावर हल्ला झाला, त्याच्याकडे आधी बघायचं. गर्दी नेहमी हल्लेखोराभोवती जमते आणि जखमी माणूस एकटा पडलेला असतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

तिसरी, कोणी पकडला गेला, खरा चोर असला तरी, त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही. पोलीस येईपर्यंत त्याच्या जिवाची जबाबदारी आपल्यातल्या दोन ठरलेल्या माणसांनी घ्यायची. त्याला खाली बसवायचं आणि पाणी द्यायचं. होय, पाणी द्यायचंच. आजींच्या नावाने एवढा एक नियम आपण करू या.

चौथी, मोबाइलवर आलेली अशी कोणतीही बातमी पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय पुढे पाठवायची नाही. यात सगळ्यात आधी मी स्वतः येते.

शेवटी माझ्या मुलाबद्दल. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. मी त्याला काही बोलले नाही, कारण बोलायला मला तोंड नव्हतं. रात्री उशिरा तोच म्हणाला, ‘आई, मी त्याला का मारलं ते मला माहीत नाही. सगळे मारत होते.’ माझा मुलगा वाईट नाही. त्या दिवशी कोपऱ्यावर जमलेलं कोणीच वाईट नव्हतं. वर्गणी काढून दिवा लावणारी माणसं तीच होती, कोणाच्या घरी दुःख झालं तर सगळ्यांत आधी धावणारीही तीच. चांगल्या माणसांच्या हातून हे होऊ शकतं, म्हणूनच त्याबद्दल बोलायला हवं.

आज मुलगा पुण्याला नोकरी करतो. हे भाषण ठरलं तेव्हा मी त्याला फोन करून विचारलं, ही गोष्ट सगळ्यांसमोर सांगू का? थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘सांग. आणि ती पिशवी आपण नेऊन द्यायला हवी होती, हेही सांग.’

तर तेही सांगितलं. तो छत्रीवाला आता कुठे असेल, मला माहीत नाही. पण दर जूनमध्ये गल्लीत ‘छत्रीऽऽ’ अशी हाक आली की मी कान देते. पुन्हा असा कोणी या सोसायटीत आला, तर त्याला सावलीत बसायला जागा, तांब्याभर पाणी आणि एक तरी मोडकी छत्री मिळावी, एवढीच माझी या रौप्यमहोत्सवी वर्षातली इच्छा आहे.